गाडीचा रंग: जपणं, चरे काढणं आणि टवके बुजवणं

नव्या गाडीच्या पत्र्यावरचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाड असतो. डोक्याचा केस ७० मायक्रॉनचा धरला, तर दोन केस एकावर एक ठेवले की ही जाडी भरली. एवढ्याशा जाडीत चार थर बसवलेले असतात. पत्र्याला चिकटून असतो तो गंजरोधक थर. गाडीचा अख्खा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहाने तो चढवतात, म्हणून तो कानाकोपऱ्यातही पोचतो. नंतर हाताने लावलेलं कुठलंच अस्तर त्याची बरोबरी करत नाही. त्यावर प्रायमर म्हणजे अस्तर, त्यावर खरा रंग म्हणजे बेस कोट, आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. क्लिअर कोट बहुतेक गाड्यांवर ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो, तर बेस कोट अनेकदा २० मायक्रॉनच्याही आतला.

चमक असते ती क्लिअर कोटची, आणि उन्हापासून रंग वाचवणारी द्रव्यंही त्यातच मिसळलेली असतात. कंपाउंड (रंग घासून उतरवणारी बारीक कणांची पेस्ट) लावून घासल्याने चरा भरत नाही. आजूबाजूचा क्लिअर कोट चऱ्याच्या तळापर्यंत उतरतो, म्हणून चरा दिसेनासा होतो, इतकंच. उतरलेला थर परत येत नाही. म्हणून कामाचा क्रम असा ठेवावा: रंग घासायची वेळच येऊ नये असं आधी बघायचं, आलीच तर कमीत कमी घासायचं, आणि पत्रा उघडा पडला असेल तर पाणी अडवायचं काम पहिलं, दिसण्याचं दुसरं.

चरा किती खोल आहे ते आधी बघा

जागा शाम्पूने धुवून कोरडी करा. न धुता अंदाज बांधला तर तो हमखास चुकतो. दुसऱ्या गाडीचा बंपर किंवा भिंत घासून गेल्यावर जो पट्टा दिसतो, त्यात बऱ्याचदा समोरचाच रंग आपल्या रंगावर चढलेला असतो. मऊ फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन हलक्या हाताने घासलं की तो निघतो, आणि खालचं नुकसान वाटलं होतं त्याच्या निम्मंही नसतं.

आता चऱ्यावर ओलं बोट फिरवा. ओल असेपर्यंत चरा गायब होत असेल, तर तो क्लिअर कोटपुरताच आहे. मग अंगठ्याचं नख चऱ्याला आडवं ओढा. नख न अडकता सरकलं, तर पॉलिशने काम होण्यासारखं आहे. नख अडकलं, तर घासून तो पूर्ण काढण्याच्या नादाला लागू नका. तिथला क्लिअर कोट संपेल आणि चरा राहीलच.

नख अडकत असेल तर तळाचा रंग बघा. राखाडी किंवा पांढरट तळ म्हणजे अस्तर. धातूसारखी चकाकी किंवा तपकिरी डाग म्हणजे पत्रा उघडा पडला. बंपरवर काळा तळ दिसला तर ते प्लास्टिक. तिथे गंजाची चिंता नाही. पांढऱ्या गाडीवर मात्र फसगत होते. क्लिअर कोटमधल्या साध्या चऱ्यात धूळ बसली की तो राखाडी दिसतो आणि अस्तर उघडं पडल्यासारखं वाटतं. कापसाच्या काडीने चऱ्यातली धूळ पुसून मगच ठरवा.

मशीनने पॉलिश करणार असाल तर रंगाची जाडी मोजणारा गेज वापरावा, असं आमचं ठाम मत आहे. १०० ते १५० च्या आसपास आकडा आला तर कारखान्यातला रंग. २०० च्या बराच पुढे गेला तर तो भाग पुन्हा रंगवलेला असण्याची शक्यता मोठी, आणि अनेकशे मायक्रॉन आले तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. ८०–९० च्या खाली असेल तर तिथे मशीन लावूच नका. साधा गेज फक्त लोखंडी पत्र्यावर चालतो. ॲल्युमिनियमसाठी तशी सोय असलेला लागतो, आणि प्लास्टिकवर हे दोन्ही निरुपयोगी.

रंग सगळ्यांत जास्त खराब होतो तो धुण्यापुसण्यात

गाडी उन्हात उभी करून बॉनेटवरच्या सूर्याच्या प्रतिबिंबाकडे बघा. त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल वलयं दिसतील. प्रत्यक्षात चरे गोल नसतात, सगळ्या दिशांना पडलेले असतात. पण प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून जाळं दिसतं. धुळीचे कण फडक्याखाली दाबले जाऊन ओढले गेल्याच्या या खुणा आहेत. कोरड्या फडक्याने किंवा झटकणीने रोज सकाळी धूळ झाडणं हे त्याचं पहिलं कारण. धूळ साचलीच असेल तर पाण्याने उतरवा, नाहीतर धुण्याच्या दिवसापर्यंत तशीच राहू द्या. नुसती बसून राहिलेली धूळ चरे पाडत नाही. ती ओढली की पाडते.

धुण्यासाठी दोन बादल्या घ्या. एकीत १० लिटर पाणी आणि बाटलीवर दिलेल्या प्रमाणात पीएच-न्यूट्रल (आम्लही नाही, अल्कही नाही असा) कार शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. दोन्हींच्या तळाशी जाळी असेल तर उत्तम, कारण खाली बसलेली रेती पुन्हा वर येत नाही. भांड्यांचा साबण टाळा. तेलकटपणा काढण्यासाठीच तो बनवलेला असतो, त्यामुळे मेणाचा थरही तो उतरवतो.

गाडी सावलीत हवी आणि पत्रा हाताला गार लागला पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू जागच्या जागी वाळतो आणि पाण्यातले क्षार डाग धरतात. आधी वरून खाली भरपूर पाणी मारून सुटी धूळ आणि चिखल जाऊ द्या. मग मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून टपापासून सुरुवात करा, सरळ रेषेत, जोर न लावता. एक भाग झाला की मोजा साध्या पाण्यात पिळून घ्या आणि मगच पुन्हा शाम्पूत बुडवा. दारांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी. चाकांसाठी वेगळी बादली आणि वेगळं फडकं हवं. ब्रेकमधून झडलेली लोखंडाची पूड चाकांवर बसलेली असते. ते फडकं बॉनेटवर फिरलं तर धुण्याचा उपयोग काय!

प्रेशर पंप वापरत असाल तर नोझल ३० सेंटिमीटरच्या आत आणू नका, आणि टवका उडालेल्या जागेच्या कडेवर धार कधीच धरू नका. कडेखाली पाणी शिरलं की चांगला रंगही पोपड्यासारखा उचकटतो.

पुसायला जाड मायक्रोफायबर टॉवेल घ्या. तो पत्र्यावर पसरून हलकेच ओढा, रगडू नका. टॉवेल जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता तो बाद.

पक्ष्यांच्या विष्ठेला थांबवून ठेवू नका. ती आम्लधर्मी असते, आणि उन्हात तापून मऊ झालेला क्लिअर कोट रात्री गार होताना वाळलेल्या विष्ठेभोवती आवळतो. मग विष्ठा निघाली तरी तिच्या आकाराचा निस्तेज ठसा राहतो. वाळलेली विष्ठा खरवडू नका, तिच्यात रेतीचे कण असतात. ओला टिश्यू ५ ते १० मिनिटं ठेवा आणि मऊ झाली की उचलून घ्या. किड्यांचे डागही असेच भिजवून काढावेत. झाडाचा चीक आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुटतो, डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने. दोन्हींनंतर ती जागा शाम्पूने धुवायचीच. क्षाराच्या पाण्याचे पांढरे डाग ताजे असतील तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन मिनिटभर लावा आणि भरपूर पाण्याने धुऊन टाका. एवढ्याने गेले नाहीत तर डाग क्लिअर कोटमध्ये उतरले आहेत, आणि तिथे पॉलिशशिवाय इलाज नाही.

गाडीला कव्हर घालत असाल तर धुतलेल्या आणि पूर्ण कोरड्या गाडीवरच घाला. वाऱ्याने फडफडणारं कव्हर आणि खाली धूळ, म्हणजे दिवसभर चाललेली घासाघासच.

पॉलिश: गरज असेल तरच

धुतलेल्या पत्र्यावर हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं फिरवा. खरखर लागली तर रंगात लोखंडाची पूड, डांबर, रंगाचे शिंतोडे रुतलेले आहेत. आयर्न रिमूव्हर मारल्यावर लोखंडाचे कण जांभळे होऊन ओघळतात. उरलेले कण क्ले बारने, म्हणजे मातीसारख्या मऊ, चिकट वडीने काढा. क्ले नेहमी ओल्या, गुळगुळीत पृष्ठभागावर फिरवायची. शाम्पूचं पाणीही चालतं. तिची चपटी वडी करून हाताच्या भारानेच सरकवा, मळली की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा. खाली पडली तर टाकून द्या. क्लेनेही अगदी बारीक चरे पडतात, म्हणून पॉलिश करायचं नसेल तर उगाच क्ले फिरवू नका.

पॉलिशला सुरुवात करताना सगळ्यांत सौम्य पॉलिश आणि मऊ फोम पॅड घ्या. त्याने भागलं नाही तरच एक पायरी वर जा. मशीन ड्युअल ॲक्शन प्रकारचं असावं. त्याचं पॅड फिरता फिरता हेलकावेही खातं, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. नुसतं गोल फिरणारं रोटरी मशीन सवय नसलेल्या हातात दोन-चार सेकंदांत कडेवरचा रंग जाळतं. दारांच्या आणि बॉनेटच्या कडा, अंगावरच्या उठावाच्या रेषा, या जागी रंग मुळातच पातळ असतो. त्यावर मास्किंग टेप लावूनच काम करा.

नव्या पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब, नंतर दर वेळी तीन पुरेत. साधारण ५० बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन घ्या, हळू वेगाने पॉलिश पसरवा, मग वेग वाढवून आडव्या-उभ्या चार ते पाच फेऱ्या मारा. मशीन सावकाश सरकवा. घाईने फिरवलं तर पॉलिश नुसतं पसरतं, कापत नाही. पुसल्यावर त्या जागेवर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी यांचं मिश्रण मारून पुन्हा पुसा आणि टॉर्चच्या उजेडात बघा. ही पायरी टाळू नका. पॉलिशमधलं तेल बारीक चऱ्यांत बसून ते झाकतं, आणि दोन धुण्यांनंतर चरे पुन्हा वर येतात.

पॅडवर गाडीचा रंग उतरताना दिसला तर लगेच थांबा. क्लिअर कोट संपला आहे. अपवाद फक्त क्लिअर कोट नसलेल्या जुन्या, एकाच थराच्या रंगाचा. त्यात पॅड रंगणारच. कुठला रंग आहे हे आधीच तपासायचं असेल तर आडबाजूला पांढऱ्या फडक्याने थोडं पॉलिश घासून बघा.

टूथपेस्टने चरे काढायचा उपाय बराच सांगितला जातो. तिच्यातले कण गाडीच्या रंगासाठी मोजूनमापून केलेले नसतात. चरा थोडा पुसट होतो आणि भोवती धुरकट पट्टा तयार होतो. करू नका.

वर काय लावायचं

कार्नोबा मेण दोन-तीन महिने टिकतं, सिंथेटिक सीलंट साधारण त्याच्या दुप्पट. सिरॅमिक कोटिंग नीट तयारी करून लावलं तर काही वर्षं जातं. त्यावर घाण कमी चिकटते, आम्लाचा मारा थोडा उशिरा पोचतो, धुणं सोपं होतं. पण दगड लागून उडणारे टवके ते थांबवत नाही. त्याची जाडीच एक-दोन मायक्रॉनच्या घरातली. दगड सोसते ती पारदर्शक पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म), साधारण १५० ते २०० मायक्रॉनची, म्हणजे खालच्या अख्ख्या रंगाहूनही जाड. सगळी गाडी मढवायची गरज नसते. बॉनेटची पुढची पट्टी, पुढचा बंपर, आरशांच्या पाठी, दारांच्या हँडलखालची वाटी आणि मागच्या चाकाच्या पुढचा भाग, एवढं झाकलं तरी बहुतेक टवक्यांची जागा झाकली जाते.

दगडाचा टवका बुजवणं

टवका अस्तरापर्यंतच असेल तर आठवडाभर थांबलं तरी बिघडत नाही. पत्रा दिसत असेल तर थांबू नका. तयारी होईपर्यंत जागा कोरडी करून चिकटपट्टीचा तुकडा लावला तरी तात्पुरतं पाणी अडतं.

रंग नेहमी कोडनुसार घ्या, नावानुसार नाही. कोडची पट्टी बहुधा चालकाच्या दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली असते. कोड तोच असला तरी छटा थोडी हलू शकते, आणि उन्हाने गाडीचा मूळ रंगही बदललेला असतो. म्हणून बाटलीतला रंग आधी एका पांढऱ्या कार्डावर लावा, वाळू द्या, वर क्लिअर द्या आणि गाडीशेजारी धरून बघा. ओल्या रंगावरून काहीच ठरवू नका. पर्ल रंगांमध्ये कधी कधी खालचा रंग आणि वरचा मोतिया थर अशा दोन बाटल्या असतात. एकीने भागत नाही.

हवामान १५ ते २५ अंशांचं, कोरडं आणि वारा नसलेलं असावं. दमट हवेत रंगातलं थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दंव धरतं आणि रंग पांढुरका पडतो.

टवक्याची कड टूथपिकने उचकटून बघा. सुटी कड निघेल तेवढी निघू द्या. तिच्यावर रंग लावला तर दोन्ही मिळून पडतील. गंज असेल तर काचतंतूंच्या पेनाने किंवा टूथपिकच्या टोकाला चिकटवलेल्या ६०० नंबरच्या सँडपेपरच्या तुकड्याने तो चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढा. काचतंतू बोटात रुततात, हातमोजे घाला आणि उडालेली पूड ओल्या फडक्याने टिपा. खळग्यातून गंज पूर्ण निघत नसेल तरच रस्ट कन्व्हर्टर (गंजाचं स्थिर थरात रूपांतर करणारं रसायन), तोही टूथपिकने आणि फक्त पत्र्यावर. बाटलीवर सांगितलेला वेळ पूर्ण जाऊ द्या. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका. बोटाचं तेल, मेण किंवा सिलिकॉन राहिलं तर रंग तिथून पळतो आणि मधोमध माशाच्या डोळ्यासारखा खड्डा पडतो.

पत्रा उघडा असेल तर अस्तराचा एक पातळ हात, फक्त तळाला. अस्तर टवक्याच्या भिंतीवर चढलं तर नंतर रंगाभोवती राखाडी रिंगण दिसतं. बाटलीवर वेगळं काही दिलं नसेल तर तासभर वाळू द्या. तळाला कारखान्याचं अस्तर शाबूत असेल तर ही पायरी नको.

रंगाची बाटली दोन मिनिटं नीट हलवा. आतल्या गोळीचा आवाज यायला लागल्यावरही हलवत राहा, कारण मेटॅलिकचे कण तळाशी बसलेले असतात आणि ते नीट मिसळले नाहीत तर छटा हमखास चुकते. बाटलीच्या झाकणातला ब्रश या कामाला फार मोठा. टूथपिक किंवा तीन शून्य नंबरचा बारीक ब्रश घ्या. टोकाला एक छोटा थेंब घ्या, तो टवक्याच्या मध्ये टेकवा आणि थांबा. थेंब आपोआप पसरत कडेपर्यंत जातो आणि तिथेच अडतो. ब्रशने फिरवत बसलात तर रंग कडेबाहेर जातो आणि मेटॅलिकचे कण वेडेवाकडे उभे राहून जागा काळपट दिसते. कडेबाहेर गेलाच तर ओला असतानाच कोरड्या काडीने टिपा.

वाळताना थिनर उडून जातं आणि थेंब खाली बसतो. म्हणून पहिल्या हाताला जागा भरल्यासारखी दिसली तरी अर्ध्या तासाने खळगा दिसेलच. ३० ते ६० मिनिटांच्या अंतराने दोन ते चार पातळ हात द्या. एकदाच जाड थेंब टाकला तर वरची साय वाळते, आतलं थिनर अडकतं आणि नंतर बुडबुडा तरी येतो किंवा आठवड्याने मध्येच खड्डा पडतो. रंग भोवतालच्या पातळीपेक्षा किंचित खाली राहील असं बघा. वर क्लिअर बसायला जागा हवी. क्लिअरचेही दोन हात, या वेळी भोवतालपेक्षा जरासा उंच येईपर्यंत.

पत्रा आता बंद झाला. इथेच थांबलात तरी काम पुरं झालं असं समजायला हरकत नाही. हातभर अंतरावरून ठिपका सहसा दिसत नाही. उंचवटाही घालवायचा असेल तर किमान आठवडाभर थांबा. मग ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना अगदी जवळ मास्किंग टेपच्या पट्ट्या लावा. पेपर टेपवर टेकतो आणि चांगला क्लिअर कोट वाचतो. कागदाला भोकं पाडायच्या पंचने २००० नंबरच्या वॉटर पेपरची टिकली कापा आणि पेन्सिलच्या मागच्या रबराला चिकटवा. साबणाचं थोडं पाणी घेऊन आठ-दहा हलके घासे मारा, पुसून कोरडं करा आणि बघा. घासलेला उंच भाग निस्तेज दिसतो, न लागलेला खोलगट भाग अजून चमकत असतो. ठिपका सगळा सारखा निस्तेज झाला की टेप काढा, ३००० ने चार-पाच घासे मारा आणि कंपाउंडने, मग पॉलिशने चमक आणा. कंपाउंड हातानेच; मशीन ताज्या ठिपक्यातला रंग ओढून काढू शकतं.

लांब चरा

लांब चऱ्यात थेंबाची युक्ती चालत नाही. तयारी तीच. बारीक, लांब केसांच्या ब्रशने रंग खाचेत ओढा आणि मिनिटभर थांबा. मग जुन्या प्लास्टिक कार्डाभोवती सुती फडकं घट्ट ताणून गुंडाळा, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका ओलावा घ्या आणि चऱ्याला आडवं एकदाच ओढा. वरचा जादा रंग निघतो, खाचेतला राहतो. फडकं सैल असेल तर ते खाचेत शिरून सगळा रंग उचलतं. लॅकर थिनर इथे वापरू नका, विशेषतः पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावर. तो खालचा थर मऊ करून सुरकुत्या पाडतो.

स्प्रेने तुकडा रंगवणं

तळहाताएवढ्या किंवा त्याहून मोठ्या जागेला ब्रश पुरत नाही. घरी स्प्रे करायचा तर खालचा बंपर, दाराचा खालचा भाग अशा कोपऱ्यांपुरताच करा. बॉनेट आणि टप आडवे असल्यामुळे तिथली प्रत्येक चूक उजेडात दिसते, आणि मेटॅलिक छटेचा सांधा लपवणं अवघड जातं.

खराब जागेच्या कडा ३२० नंबरने घासून उतरत्या करा, बोट फिरवल्यावर पायरी लागता कामा नये. अस्तराचे दोन-तीन हात द्या, पूर्ण वाळल्यावर ६०० ने पाणी लावून घासा. मेटॅलिक असेल तर ८०० ने, नाहीतर पेपरच्या रेघा रंगातून वर दिसतात. प्लास्टिकच्या बंपरवर अस्तराआधी ॲढीजन प्रमोटर (रंग प्लास्टिकला धरून ठेवणारा थर) लागतो. तो नसेल तर रंग काही महिन्यांत पापुद्र्यासारखा सुटतो.

मास्किंग करताना टेपची कड पत्र्यावर दाबून बसवू नका. टेप आतल्या बाजूला दुमडून गोल सोडली की रंगाची कड विरत जाते. दाबलेल्या टेपने सरळ पायरी उठते. डबा २५ ते ३० सेंटिमीटरवर धरा, जागेच्या बाहेर फवारा सुरू करा, बाहेरच सोडा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. दोन हातांत १० ते १५ मिनिटांचं अंतर ठेवा. फार जवळून मारलं की ओघळ येतात, फार लांबून मारलं की रंग हवेतच वाळून खरखरीत बसतो. बेस कोट घासायचा नाही. भोवतालचा जुना क्लिअर १००० नंबरने निस्तेज करून त्यावर नवा क्लिअर बेस कोटच्या पुढे दोन-तीन बोटं जाऊ द्या.

टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून घट्ट होणारा दोन घटकांचा क्लिअर, सगळ्यांत टिकाऊ, पेट्रोलचे थेंब पडले तरी टिकतो. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात आणि त्यांनी श्वसनाचे कायमचे विकार होऊ शकतात. धुळीचा मास्क इथे कामाचा नाही. योग्य श्वसन-मास्क, चष्मा, हातमोजे आणि मोकळी हवा, यांतलं एक जरी कमी असेल तर टू-के मारू नका.

फुगलेला गंज आणि सुटलेला क्लिअर

रंगाखाली फोड आलेला दिसला तर वर दिसतो त्याहून आत गंज नेहमी जास्त पसरलेला असतो. फोड फोडून सगळ्या बाजूंनी घट्ट, चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासत जा. दोन सेंटिमीटरचा फोड असेल तर पाच सेंटिमीटरची जागा होईल हे धरूनच सुरुवात करा. पेचकसाचं टोक दाबल्यावर पत्रा वाकला किंवा आरपार गेलं, तर गंज आतून आलेला आहे. बाहेरून रंग देऊन काही महिनेच जातील. तिथे पत्रा कापून नवा जोडायचं काम आहे. दारांच्या खालच्या कडेची पाणी निघून जायची भोकं चिखलाने बुजलेली असणं हे त्यामागचं नेहमीचं कारण, ती वर्षातून दोनदा काडीने मोकळी करा.

टपावरचा किंवा बॉनेटवरचा क्लिअर कोट पांढरा पडून पापुद्रे सुटत असतील तर टचअपने ते थांबत नाही. कडेवर नवा क्लिअर मारला तर पुढचा पापुद्रा त्याच्यासकट उचलला जातो. सगळा सुटा क्लिअर काढून तो अख्खा भाग पुन्हा रंगवणं हाच उपाय.

टचअपवर लगेच मेण चोळू नका. बाटलीच्या रंगाला महिनाभर श्वास घेऊ द्या, उरलेलं थिनर बाहेर पडू द्या. अख्खा भाग रंगवून घेतला असेल तर रंगाऱ्याने सांगितलेली मुदत पाळा. तोपर्यंत पाणी आणि सौम्य शाम्पू चालतो. बाटली बंद करण्याआधी तिचं तोंड थिनरच्या फडक्याने पुसा, नाहीतर झाकण चिकटतं आणि हवाही शिरते. वर रंगाचा कोड आणि उघडल्याची तारीख लिहा, गाडीत न ठेवता घरात सावलीत ठेवा. पुढच्या वेळी उघडल्यावर रंग तारेसारखा ओढला जात असेल किंवा गुठळ्या दिसत असतील तर थिनर घालून वाचवू नका, नवी बाटली आणा.